आत्याबाईंचे पानगे

आत्याबाईंच्या उजव्या हाताची बोटं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. निखाऱ्यातून पानगे काढायला त्या चिमटा वापरत नसत. चिमट्याने भोक पडतं, वाफ जाते आणि आतलं पीठ कच्चं राहतं, असं त्यांचं म्हणणं. लग्न होऊन मी राहुरीकडच्या पाटपाण्याच्या गावातून खर्ड्याजवळच्या कोरडवाहू गावात आले, तेव्हा सासऱ्यांच्या या विधवा बहिणीचा मला धाकच वाटायचा.

ज्वारी निघाली की अंगणात गोवऱ्यांचा आर पडायचा. गूळभेंडी ज्वारीचं पीठ गुळाच्या पाण्यात मळायचं, पळसाच्या पानांत थापायचं आणि निखाऱ्यांत पुरायचं. पानं करपत आली की गोड वास गल्लीभर जायचा. रानातून घरी चाललेल्या माणसाला आत्याबाई पानगा घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. माझ्या माहेरी गव्हाचं कौतुक. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या हातावर अर्धा पानगा ठेवला, आणि उरलेला अर्धा मीच मागून घेतला.

उभ्या पिकातली बियाण्याची कणसं त्या स्वतः निवडत आणि दाणे राखेत घोळून मडक्यात ठेवत. मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपून टाकत. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. "बी आपलं नसतं, पुढल्या वर्साचं असतं," एवढंच सांगत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पेरणीच झाली नाही. गडीमाणसं खडी फोडायला गेली, जनावरं विकली गेली, आणि घरात रेशनची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, आली. आत्याबाईंनी तिचेही पानगे करून पाहिले. पान सोडवताच भुगा झाला. तो त्यांनी कुणाला दिला नाही, भिंतीकडे तोंड करून स्वतःच खाल्ला.

त्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. मिलो मला पचेना, पोट सारखं बिघडलेलं, अंगावरचं दूध आटलं. सासरे एकदा मडक्यातलं बी दळायचं बोलले, तेव्हा आत्याबाई उठून बाहेर गेल्या होत्या. पण पोरीचं रडणं बारीक होत गेलं, तशी एका सकाळी जात्याची घरघर ऐकू आली. लिंपण फुटलं होतं. त्यांनी पानगा फोडून माझ्यापुढे धरला.

"खा. इच्यार करू नगंस."

मी खाल्ला. मडकं रिकामं होईपर्यंत रोज खात राहिले. दूध थोडं आलं, पण उशीर झाला होता. पोर गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. रानात बाजारातलं बी पेरलं गेलं. कणसं मोठाली आली, पण आत्याबाईंनी आर पाडला नाही. एकदा बांधावर त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. माझ्यापायी तुमचं बी गेलं, असं मी म्हणाले.

"बियासाठी न्हाई गं," त्या म्हणाल्या. "पाऊस पडल्यावर बारसं करू म्हनलं मी. पोरगी बिगर नावाची गेली. तुझ्या मनात कोन्तं हुतं?"

मी सांगितलं. त्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं.

वर्षभरात आत्याबाई गेल्या. ते नाव मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.