सिव्हर्टताई

‘किती रेडिएशन मिळेल?’ या प्रश्नाला ताईने कधी थेट आकड्यात उत्तर दिलं नाही. विचारणारा डॉक्टर असो, रुग्ण असो की वॉर्डात चहा आणणारा, तिचा उलटा प्रश्न ठरलेला : ‘कोणाला? आणि अंगाच्या कुठल्या भागाला? आकडा मग सांगते.’ यावरूनच, किरणांचा धोका मोजायच्या एककाचं नाव लागून, ती सिव्हर्टताई झाली. सुरतेतल्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात आम्ही दोघी मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे कुणाच्या गाठीवर किती किरण कुठून सोडायचे याचं गणित करणाऱ्या. ती साताऱ्याची, माझ्याहून थोडी मोठी. गणितात मी तिच्यापेक्षा सरस होते. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची, आणि मला तेही सहन व्हायचं नाही.

एकदा साडी मार्केटमधले एक व्यापारी घाबरेघुबरे होऊन आले. एक्सरेचा डोस मिलीसिव्हर्टमध्ये असतो असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं, आणि आपल्या कागदावर तर ग्रे! मी त्यांना व्याख्या सांगितली : एक किलो पेशींनी शोषलेली एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. ते आणखीच घाबरले. ताईने त्यांच्यापुढे खुर्ची ओढली. ‘शेठ, घरी फोडणी करता ना? मोहरी सेकंदाला किती वेळा तडतडली, ते बेकरेल. उडालेलं तेल तुमच्या अंगाने किती झेललं, ते ग्रे. आता तेवढंच तेल तळहातावर पडलं तर एक, डोळ्यात गेलं तर दुसरं. त्या धोक्याचा अंदाज म्हणजे सिव्हर्ट. तुमचा ग्रे फक्त गाठीला द्यायचाय. तिला भाजायचंच आहे आपल्याला.’ शेठ हसले. दुसऱ्या दिवशी ताईसाठी घारीचा, सुरतेच्या त्या तुपातल्या मिठाईचा, डबा आला. मला त्यातली अर्धी घारी मिळाली, तीही ताईने दिली म्हणून.

त्याच वर्षी माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. आई धुळ्याकडची. सुरतेतल्या लिंबायतमध्ये लूमच्या खडखडाटात तिने मला वाढवलं, शिकवलं, आणि मला नोकरी लागल्यावर माझ्याबरोबर नवागामला राहायला आली. ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार ठरले. घरच्या माणसाचा प्लॅन मी करू नये असं ठरलं आणि आई ताईच्या हाती गेली. दोन आठवड्यांत ताई मोडकंतोडकं अहिराणी बोलू लागली. एका सकाळी ‘मन्ही पोर वनी’, माझी पोर आली, असं आईने म्हटलेलं ऐकून मी हसत वळले. आईची नजर माझ्या मागे होती. दारातून ताई येत होती.

उपचार निम्म्यावर आले तशी आईची कातडी काळवंडली. शेजारणीने काहीबाही सांगितलं असावं. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. ती आईकडे झेपावली की आई भिंतीशी सरकायची. ‘मन्हा आंगमा किरणं भरेल शेतस. पोरले दूर ली जाय.’ मी समजावलं, मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. चिडले, ओरडलेही. शेवटी परवानगी काढून हॉस्पिटलातला किरण मोजायचा मीटर घरी आणला. त्याचा काटा ओट्याजवळ जेवढा हलला, तेवढाच आईजवळ. आई म्हणाली, ‘ते तुन्हं मशीन. तुन्हंच आयकी.’ पोर रडत होती आणि आई पदर तोंडात धरून बसली होती.

मी हे ताईला सांगितलं नसतं. पण आईने उपचारांना यायचंच थांबवलं, तेव्हा सांगावं लागलं.

ताई त्या संध्याकाळीच रिक्षाने घरी आली. ती गरोदर होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन, दोनदा निराशा पदरी पडून मग राहिलेलं ते मूल. मशीनच्या खोलीकडे ती फिरकत नव्हती, पोटावर किरणांची नोंद ठेवणारा वेगळा बॅज लावून नियोजनाच्या खोलीत बसायची. आम्ही सगळे तिला जपत होतो. ती आली ती सरळ आईच्या पलंगावर बसली. आईचा हात तिने उचलला आणि आपल्या पोटावर ठेवला. आईने तो ओढून घेतला. ताईने पुन्हा धरला, घट्ट.

‘आई, मी आधी “कोणाला?” असं विचारते आणि मगच आकडा सांगते ना? आज या माझ्या बाळाचा सांगते. तुमच्यामुळे त्याला शून्य.’

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा हात त्या पोटावरून हळूहळू फिरू लागला. ‘लाथ मारस ना वं!’ ती म्हणाली आणि हसली. मी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होते. थोड्या वेळाने आईने माझ्याकडे हात पसरले आणि मुलीला मांडीवर घेतलं. मला आनंद झाला. पण आई आधी हसली ती दुसरीच्या बाळाला हात लावून, आणि ते मला आत कुठेतरी चांगलंच लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आई पुन्हा उपचारांना येऊ लागली आणि ते पुरेही झाले. ताईला मुलगा झाला. नवऱ्याची बदली झाली तशी ती इंदूरला गेली. तिची जागा मला मिळाली, खोलीही.

परवा आईची तपासणी झाली. रिपोर्ट हातात घेऊन मी धावत घरी आले. ‘आई, सगळं साफ आहे. काहीच उरलं नाही.’

आईने मान डोलावली. ‘थांब. पहिले ताईले फोन लाव.’

मी लावला. पलीकडून ‘बोला आई’ ऐकू आलं, आणि इतक्या दिवसांत माझ्यासमोर एकदाही न रडलेली आई फोन कानाला धरून हुंदके देत रडू लागली.