थेंबरावांची गाडी पाणी पीत नाही

थेंबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं एकच ट्रक चालवणारा हा माणूस भेटेल त्याला सांगायचा, "गाडी म्हातारी झाली, पण थेंबभर पाणी पीत नाही!" वीटभट्टीवरच्या कुणीतरी त्यांना थेंबराव म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता त्यांच्या सासुरवाडीपर्यंत ते नाव जाऊन पोचलं. त्यांना राग नव्हता. उलट पदवी मिळाल्यासारखे ते त्या नावाला ओ देत.

रोज सकाळी चहाच्या आधी ते बॉनेट उचलत. इंजिनाच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी टाकी असते. इंजिन तापलं की रेडिएटरमधलं जादा पाणी तिच्यात येतं, निवलं की परत जातं. टाकीवर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात आणि पाणी त्यांच्या मध्ये असलं की ड्रायव्हरने खुशाल निघावं. थेंबराव वाकून बघत, मान डोलवत आणि घरात येऊन जाहीर करत, "वरच्या रेघेला!" बायको "बरं" म्हणून कप पुढे करी.

एक गोष्ट मात्र रोज त्यांचं डोकं फिरवी. ट्रकच्या पुढच्या चाकापाशी प्लास्टिकचा रिकामा क्रेट उपडा घातलेला असे.

"हा क्रेट इथे कोण आणून ठेवतं?" ते पायाने तो बाजूला सारत ओरडत.

"मी. झाडांना पाणी घालायला हात पुरत नाही माझा."

कुंड्यांतली झाडं होती मागच्या भिंतीवर, ट्रकपासून चांगली वीस पावलं लांब. पण थेंबरावांना तेवढा विचार करायला सवड कुठली! क्रेट सारायचा, चावी फिरवायची, निघायचं.

इथे एक खरी गोष्ट सांगून टाकतो, कारण थेंबरावांनी ती कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांना नीट दिसत नव्हतं. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरत, वर्तमानपत्र धुरकट वाटे आणि शर्टाचं बटण दिवसाआड चुकीच्या काजात जाई. डॉक्टरकडे गेलो तर ते 'गाडी बंद' म्हणतील, या एका भीतीने ते दवाखान्याची पायरी चढत नव्हते. गाडी नाही तर सकाळी उठून करायचं काय? बायकोने एकदा नुसता 'चष्मा' शब्द काढला, तर दोन दिवस हे महाशय तिच्याशी बोलले नाहीत. तिने तो विषय परत काढला नाही. त्याऐवजी "घरात कंटाळा येतो" म्हणत ती वरचेवर त्यांच्या शेजारच्या सीटवर येऊन बसू लागली आणि रस्ताभर "अहो, सायकलवाला", "अहो, गतिरोधक" अशी बडबड करू लागली. थेंबराव वैतागत, पण ब्रेक दाबत.

मग तिच्या बहिणीचा पाय मोडला आणि ती आठवडाभरासाठी बहिणीकडे गेली. जाताना तिने दहा वेळा बजावलं, "गाडी नका काढू हो. सुट्टी घ्या."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" थेंबराव म्हणाले. चार दिवस सगळं ठीक गेलं. पाचव्या दिवशी विटा भरून चढण चढताना बॉनेटखालून वाफ उसळली. तापमानाचा काटा केव्हाच लाल पट्ट्यात गेला होता, पण आधी कळलं ते थेंबरावांच्या नाकाला. करपलेल्या रबराचा वास आला तसं त्यांनी ट्रक कडेला घेऊन इंजिन बंद केलं. नशिबाने इंजिन वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक ओढून मिस्त्रीच्या गॅरेजात आणला. मिस्त्री हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त, तोंडाने फाटका आणि हाताने सोन्याचा. त्याने थंड इंजिनात हात घालून जुनी टाकी चाचपली. रबरी नळी लाकडासारखी कडक झाली होती, ती कापावी लागली. एक बोल्ट सुटला, दुसरा गंजून असा बसला होता की मिस्त्रीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी टाकी हातात आली. ठणठणीत कोरडी. तळाला केसाएवढी चीर आणि आतल्या बाजूने, बरोबर वरच्या रेघेपाशी, वर्षानुवर्षांच्या पाण्याचा तपकिरी डाग, अधू नजरेला पाणीच वाटावं असा.

"निघताना पाणी बघितलं होतंस?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणजे काय! वरच्या रेघेला होतं."

मिस्त्री त्या डागाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "या चिरेतून तीन-चार दिवसांत टाकी रिकामी होते, राव. आजपर्यंत चालली कशी?"

"माझी गाडी पाणी पीतच नाही."

मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने नवी टाकी काढली. गाडी जुनी असल्याने हुबेहूब तशी मिळाली नव्हती आणि बोल्टचं भोक बोटभर सरकलेलं होतं. त्याने लोखंडी पट्टीचा तुकडा कापला, भोक पाडलं आणि टाकी घट्ट बसवली. नवी नळी, नवी क्लिप. एवढ्यात थेंबरावांची बायको गॅरेजच्या दारात उभी राहिली. गाडी तापल्याचं कळताच मिळेल त्या बसने ती आली होती आणि पिशवी अजून खांद्यावरच होती.

"या वहिनी," मिस्त्री म्हणाला आणि त्याच सुरात थेंबरावांकडे वळला. "काय रे, झालं माझं. बघ जरा, पाणी कुठवर आलंय?"

थेंबराव वाकले. मान डोलवली.

"वरच्या रेघेला!"

टाकीत ओतायच्या हिरव्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा, डबा बाकावरच होता. त्याचं सीलही अजून फोडलेलं नव्हतं.

थेंबरावांनी टाकीत बोट घातलं. बोट कोरडं आलं. त्यांनी ते पुन्हा तळापर्यंत घातलं, पुन्हा कोरडंच. "म्हणजे रोज मी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"रोज तुम्ही उठायच्या आधी मी भरत होते," बायको म्हणाली. "आठ महिने झाले. क्रेटवर चढून." तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतंत?"

"तुम्ही दोघं वेडे आहात," मिस्त्री भडकला. "रस्त्यावर लोकांची पोरंबाळं चालत असतात. पाणी भरून डोळे बरे होतात होय?"

"माझं चुकलंच, भाऊजी," ती म्हणाली.

थेंबरावांना लाज वाटली, इतकी की मान वर होईना. त्यांनी खिशातून चावी काढली आणि आपण होऊन मिस्त्रीच्या हातावर ठेवली. बावीस वर्षांत ती चावी त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी एकेक करून दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली, तपासण्या केल्या आणि तीन महिन्यांनी सांगितलं, "चालवा गाडी." ज्या माणसाला भिऊन थेंबरावांनी वर्ष काढलं, तो हे एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे वळलासुद्धा. थेंबराव तिथल्या तिथे हसत सुटले.

पहिल्या सकाळी त्यांनी बॉनेट उचललं. हिरवं पाणी स्वच्छ दिसत होतं, वरच्या रेघेच्या जरासं खाली. किती सोपं होतं बघणं! त्यांनी बॉनेट उघडंच ठेवलं. मग मागच्या भिंतीपर्यंत गेले, झाडांखालचा क्रेट उचलून आणला, चाकापाशी उपडा घातला आणि हाक मारली.

"अगं, चहा राहू दे. इकडे ये आधी."

ती पदराला हात पुसत आली. "काय झालं?"

"चढ. पाणी किती आहे सांग."

"आता दिसतं की तुम्हाला."

"दिसतं," थेंबराव म्हणाले आणि तिला चढायला हात दिला. "तरी तू सांग."