वल्ह्याचे तीन ठोके

सरगूरजवळ धरणाच्या काठी तंबू टाकून मित्र आणि मी दोन दिवस मासे धरत होतो. बांबूच्या गोल होडीतून फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. खाली त्याचं बुडालेलं गाव होतं. तिथं आलं की तो होडीच्या काठावर वल्ह्यानं तीनदा ठोकायचा.

शेवटच्या सकाळी मित्रानं गंमत म्हणून वल्हं घेतलं आणि दोनदाच ठोकलं.

म्हातारा कानडीत हळूच म्हणाला, "तीन म्हणजे आम्ही पुढे चाललोय. दोन म्हणजे येताय का?"

मित्रानं घाईघाईनं तिसरा ठोका दिला.

"उशीर झाला," म्हणत म्हाताऱ्यानं सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली.

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. तरी मीही सरकलो.