पाढेमास्तरांचं शेवटचं उतरणं

आमच्या विमान कंपनीत त्यांना तोंडावर सगळे कॅप्टन म्हणत आणि पाठ फिरली की पाढेमास्तर. छत्तीस हजार फुटांवरून खाली यायची वेळ झाली की हे गृहस्थ बोटांच्या पेरांवर तीनाचा पाढा सुरू करायचे. "छत्तीस त्रिक एकशे आठ. वेग कमी करायला वर दहा. धावपट्टी एकशे अठरा मैलांवर असताना उतरायला लागायचं." समोरचे संगणक हेच गणित हिरव्या अक्षरांत मांडून बसलेले असायचे. शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसलेल्या माझं डोकं उठायचं.

"सर, यंत्र सांगतंय की," मी एकदा म्हटलंच.

"यंत्राला उशीर कळतो, माणसाची घाई कळत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेरावर गेले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. उतारावरून सायकल सोडली तर उतरणं आणि हळू होणं दोन्ही एकदम जमत नाही, आणि विमानाचे ब्रेक हवेत जेमतेम लागतात. म्हणून आधीपासून थोडंथोडं उतरायचं, थोडंथोडं हळू व्हायचं. हजार फुटांवर उंची, वेग, चाकं सगळं जागेवर हवं. नसेल तर मुकाट्याने पुन्हा वर जायचं, म्हणजे गो अराउंड, आणि चक्कर मारून यायचं. त्यात लाज कसली?

लाज मला वाटली होती, तीही त्यांच्यामुळेच. तीन वर्षांपूर्वी सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली विमानात, त्यांनी माझी परीक्षा घेतली. हजार फुटांवर माझा वेग जास्त होता. मी म्हटलं, "होईल कमी, होतोय," आणि रेटलं. चाकं अगदी अलगद टेकली. मी ऐटीत वळून पाहिलं.

"नापास," ते म्हणाले.

"पण सर, उतरलं की!"

"ते नशिबाने उतरवलं. मी नशिबाची परीक्षा घेत नाही."

घरी येऊन मी उशी बडवली आणि त्यांच्या नावाने भरपूर बोटं मोडली. आणि त्याच माणसाने पुढचे आठ रविवार मला घरी बोलावून जेवणाच्या टेबलावर कागद पसरून शिकवलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा ठेवताना म्हणायच्या, "अहो, सोडा आता त्या पोरीला. मला तर आयुष्यभर सोडलं नाहीत." दुसऱ्या खेपेला मी पास झाले.

काकू मात्र त्यांच्या विमानात कधी बसल्या नव्हत्या. घरचं माणूस मागे बसलं की पुढच्याचं लक्ष मागे राहतं, हा मास्तरांचा नियम. चौतीस वर्षं पाळलेला तो नियम त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मोडला. शेवटच्या फेरीला पुढे शेजारच्या खुर्चीत मी होते आणि काकू तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसल्या. खाली सहकारी फुलं घेऊन थांबले होते. आता हे एक उतरणं राहिलं होतं, पुन्हा मिळायचं नव्हतं.

पाढा वेळेवर सुरू झाला. निम्मं उतरल्यावर विमानतळावरच्या नियंत्रकाने विचारलं, "थेट येता का? वीस मैल वाचतील." एरवी मास्तर असला जवळचा रस्ता गोड बोलून टाळायचे. वाट वीस मैलांनी कमी होते, पण उंची तेवढीच राहते.

"घेऊ," ते म्हणाले. "ती पहिल्यांदाच बसलीय. वेळेआधी नेऊ."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. शेवटचा दिवस आहे म्हणून मूग गिळून गप्प बसले, ही माझी चूक.

दहा हजार फुटांवर आलो तेव्हा धावपट्टी चोवीस मैलांवर होती. दहा त्रिक तीस, वर दहा, म्हणजे चाळीस मैल हवे होते. पण मास्तरांनी पाढा म्हटलाच नाही. त्यांनी पंखांवरच्या ब्रेकच्या फळ्या उघडल्या, विमान थरथरलं. चाकंही लवकर सोडली. उंची हाताशी आली, पण त्यासाठी नाक खाली दाबल्यामुळे वेग काही उतरेना.

"एक हजार," मी म्हटलं. "वेग वीसने जास्त."

"होईल कमी. होतोय."

हे माझं वाक्य होतं! ज्यांनी मला त्यावर नापास केलं, त्यांच्याच तोंडून ते आलं. आता बोलले तर ते मला कधीच माफ करणार नाहीत असं वाटलं.

"सर, गो अराउंड."

त्यांनी दोन्ही इंजिनांचे दांडे पुढे सारले. इंजिनं गरजली आणि आम्ही पुन्हा वर निघालो.

तीन हजार फुटांवर स्थिर झाल्यावर ते म्हणाले, "विमान तुझं."

"सर, हे तुमचं शेवटचं..."

"म्हणून तर. माझं मन केव्हाच खाली जाऊन पोचलंय. अशा माणसाने विमान उतरवू नये. घे."

मी घेतलं. लांब वळसा घालून पुन्हा आलो. उंची आणि मैल ते मोजत होते, माझ्यासाठी. "एक हजार. सगळं जागेवर," ते म्हणाले. माझ्या हातून चाकं जरा आदळलीच.

मग मास्तर दाराशी उभे राहिले. कुरकुरत उतरणाऱ्या एकेकाला सांगत होते, "उशीर माझ्यामुळे झाला." मला ते बघवत नव्हतं. काकू सगळ्यांत शेवटी आल्या.

"शेवटचं तुम्हीच उतरवलंत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. हिने. मी चुकलो होतो."

"पुन्हा वर गेलो तेव्हा शेजारची बाई रडायला लागली," काकू म्हणाल्या. "मी तिचा हात धरला. म्हटलं, घाबरू नका, ते पुढे आहेत. चौतीस वर्षं तुम्हाला उशीर झाला की मी खिडकीत उभी राहून चिडायचे हो. आज आत बसले तेव्हा कळलं, उशीर करत होतात म्हणून दर वेळी घरी येत होतात."

पाढेमास्तर तिथेच, विमानाच्या दारात, आम्हा सगळ्यांसमोर रडले.