तीन हाका

सय्यद गुरुजी हजेरी घेताना गैरहजर मुलाचं नाव तीनदा पुकारत. एकदा वर्गाकडे बघून, दुसऱ्यांदा खिडकीतून आणि तिसऱ्यांदा दारात उभं राहून, गावाच्या दिशेने. मला ते वेळ फुकट घालवणं वाटे. मी नाव एकदा घ्यायची आणि फुली मारून पुढे जायची. त्यावर ते म्हणत, "बाई, आलेल्याला कशाला हाक मारायची? जो न्हाई आला त्यालाच तर मारायची."

खर्ड्याजवळच्या त्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. दुष्काळाचं साल. तिसरीतल्या ताराच्या हाका पंधरा दिवस वाया गेल्या, तेव्हा गुरुजी तिला शोधायला गेले आणि पांढरेफटक होऊन परतले. तारा विहिरीत होती. अंगाने हलकी, म्हणून तिचे वडील सोपानराव कमरेला दोर बांधून तिला खोल तळाशी सोडत. ती झिरपणारं पाणी वाटीने कळशीत भरत असे.

"वरनं दगडं सुटत्यात, बाई. आन पोर खालनं सारखी इचारती, आप्पा, दोर धरलाय न्हवं?"

गुरुजी सोपानरावांना बोलले होते. उत्तर मिळालं, "मग तुमची पुस्तकं पिऊ का? तुमी पाडे शिकवा, मास्तर."

रोज सकाळी ती वर आली की नाही, ही धास्ती आम्हा दोघांना लागली. गुरुजींना जेवण जाईना.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याची सिनेमाची गाडी आली. भर दुपारी वर्गाच्या खिडक्यांना गोणपाटं लावली. मुलांमागून गावही आत शिरलं. विलायती चित्रांचा सिनेमा होता. प्राणिसंग्रहालयातले बोलणारे प्राणी कप्पी कशी चालते ते शिकतात, असा. बोलणं इंग्रजी, म्हणून आवाज बंद ठेवून गुरुजींनी मराठी कागद वाचायचा होता. "कागदाबाहेर जाऊ नका," मी बजावलं. माझी नोकरी नवी होती आणि गाडीबरोबरचे साहेब मागे खुर्ची टाकून बसले होते.

पेंग्विन दिसला. "हा वकील," गुरुजी सुरू झाले. "जामखेडच्या कोर्टातनं थेट आलाय. आन ह्ये मिशीवालं म्हंजी त्याचं अशील. सुळं हायत, पर वापरायला भितंय." वॉलरसला बघून सगळे हसले. सोपानरावसुद्धा. साहेबांनी घसा खाकरला.

मग वॉलरसने पेंग्विनला दोराने भिंतीवरून खाली सोडलं. गुरुजींनी कागद खिशात घातला. पेंग्विन हेलकावे खात होता आणि त्याच्या तोंडी गुरुजींचा बारीक आवाज आला, "आप्पा, दोर धरलाय न्हवं? बोला की, आप्पा. गप का झाला?"

हसू थांबलं. सोपानराव उठले, त्यांची सावली सगळ्या पडद्यावर पडली. मला वाटलं, आता हा अंगावर धावणार, साहेब लिहून घेणार. पण सोपानराव कुणाकडे न बघता बाहेर पडले.

"झालं समाधान?" मी नंतर फणकारले.

"न्हाई. सकाळी बघू." ते खिडक्यांची गोणपाटं काढायला लागले.

सकाळी आम्ही दोघंही विहिरीवर गेलो. मोडक्या रहाटाची कप्पी आडव्या लाकडाला बसवली होती. सोपानराव स्वतःच्याच कमरेला दोर बांधत होते. तारा काठावर उभी होती. दोराचं दुसरं टोक त्यांनी गुरुजींकडे आणि दोन भावकीतल्यांकडे फेकलं. "धरा. आन त्वांड बंद ठिवा."

थोड्या वेळाने खालून आवाज आला, "मास्तर, दोर धरलाय न्हवं?"

"धरलाय."

जरा वेळाने पुन्हा तेच. सोपानराव वर येईपर्यंत विचारत राहिले.

तारा शाळेत आली आणि पाटीवर डोकं ठेवून झोपली. हजेरीला गुरुजींनी तिचं नाव हळूच घेतलं.

साहेबांनी लिहायचं ते लिहिलं. जूनमध्ये गुरुजींची संगमनेरकडे बदली झाली. एसटीत चढताना ते एवढंच म्हणाले, "हाका मारत जा, बाई."

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. पहिलीतली एक मुलगी आली नव्हती. मी नाव एकदा घेतलं, फुली मारली. मागून तारा उठली, मला न विचारता दारात गेली आणि गावाकडे तोंड करून त्या मुलीचं नाव ओरडली. एकदा. दोनदा. तिसऱ्या हाकेला लांबून "आले, आले" ऐकू आलं.

मी फुली खोडली.