खलातले निळे चूर्ण

डॉ. अंबादास बोम्मासर आमच्या महाविद्यालयात रुजू झाले, तेव्हा मी रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते आणि प्रयोगशाळेचे साहित्य माझ्या ताब्यात असे. पहिल्याच दिवशी त्यांनी काचेचे भांडे नव्हे, खल मागितला. मी म्हटले, "सर, ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नाही."

"सोलापुरात शेंगाचटणी कुटूनच चांगली होते की मॅडम. आमचं रसायनही तसंच."

त्यांचे संशोधन खरोखरच तसे आहे. धातूचा क्षार आणि सेंद्रिय आम्ल द्रावणात न विरघळवता कोरडेच घोटायचे. घोटता घोटता दोन्ही एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक साखळ्या तयार होतात. त्यांना कोऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतात. साखळीची रचना क्ष-किरणांनी कळते. मागावर काम करणाऱ्या घरात वाढलेल्या सरांना ही वीण उलगडण्यात फार आनंद वाटतो.

सरांचा एक नियम होता : जे तीनदा जमले नाही, ते प्रबंधात लिहायचे नाही. त्यांची विद्यार्थिनी शबाना हिला तांब्याचे एक सुंदर निळे चूर्ण मिळाले. रचना अगदी नवी होती. पुढे मात्र दर वेळी हिरवेच चूर्ण येऊ लागले. प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि त्यातले मुख्य प्रकरण त्या निळ्या चूर्णावरच उभे होते.

"वजन नीट केलं नसशील," मी तिला सुनावले.

"केलं की मॅडम. चारदा केलं." ती रडवेली झाली होती.

सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "निळं आलं त्या दिवशी खल कुणी दिला होता?"

मीच दिला होता. धुतलेला खल घाईत न पुसता तसाच तिच्या हाती ठेवला होता. हे सगळ्यांसमोर कबूल करणे मला जड गेले. सरांनी लगेच नव्या मिश्रणात पाण्याचे दोन थेंब टाकले आणि शबानाला घोटायला सांगितले. अर्ध्या तासात चूर्ण निळे झाले. पाणीच त्या साखळीत जाऊन बसत होते. तिने तीनदा करून दाखवले, तीनदा निळेच आले आणि क्ष-किरणांचा आलेखही जुळला.

"सर, माझी चूक तेवढी लिहू नका," मी म्हटले.

"पाणी लिहायलाच पाहिजे. नाहीतर दुसऱ्याला जमणार कसं? आणि मॅडम, इथून पुढं शिस्त जरा ओली ठेवा."

प्रबंधात ओल्या खलाची नोंद झाली आणि त्याखाली माझे आभारही मानले गेले. शबाना आज बार्शीला रसायनशास्त्र शिकवते.

पंचाहत्तरीतही सर प्रयोगशाळेत येतात आणि फसलेल्या प्रयोगासाठी कुणालाही बोल लावत नाहीत. मला ते अजून साधलेले नाही. मी ते शिकेपर्यंत सरांनी ठणठणीत राहावे, एवढीच माझी इच्छा. शिकण्याची मला मुळीच घाई नाही.