किनखापी अंगरखा
डांबरगोळ्यांचा वास आला की मला तो किनखापी अंगरखा आठवतो. नव्वदच्या दशकात उचगावात माझं शिलाईचं दुकान होतं. एका दुपारी पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ सात वर्षांच्या नातीला स्कूटरवर घेऊन आले. ते एका लहानशा संस्थानाचे वारस. लोक अजून त्यांना सरकार म्हणायचे. त्यांनी पिशवीतून जरीनं जड झालेला, लहान मुलाच्या मापाचा अंगरखा काढला. त्यांचे वडील वारले तेव्हा ते स्वतः सहा वर्षांचे होते. गादीवर बसायचा मुहूर्त ठरला, त्यासाठी हा शिवला. मुहूर्ताआधी अंगाला लावायचा नाही म्हणून डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवला, आणि तेवढ्यात संस्थानच विलीन झालं. "नातीला गॅदरिंगमध्ये राजा व्हायचंय. हिच्या मापाचा करा, लागेल तिथं कापा," ते म्हणाले. मी म्हटलं, "सरकार, ह्याला कात्री लावायला माझा हात धजत न्हाय. आधी घालून तर बघू की." पोरीला तो नेमका बसला. ते तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पोरगी खांदे उडवत ओरडली, "आबा, लई टोचतंय! काढा!" ते दचकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "टोचतंय व्हय? पन्नास वर्षं सांभाळला, पण हे मला ठाऊकच न्हाई!" न कापता मी आतून मलमलीचं अस्तर लावून दिलं. आता शिवणं सोडलंय, पण जरीचा कपडा हातात आला की तो उलटा करून आतून हात फिरवायची सवय काही गेली नाही.